लोलकातलं शून्य

लाँचचा भोंगा वाजला तेव्हा डॉ. शर्वरी मोहिते आरोग्य केंद्राच्या ओसरीत चहाचा कप घेऊन उभी होती. इतक्या सकाळी लाँच येत नसे. पहिली फेरी दूधवाल्यांची, आणि तीही उन्हं पाण्यावर उतरल्यानंतर. भोंगा पुन्हा वाजला, लांबलचक. शर्वरीनं कप कठड्यावर ठेवला आणि आत हाक मारली, "लतिका सिस्टर, खाट मोकळी करा. पलीकडून कुणाला तरी आणतायत."

तांबवलीचं हे केंद्र कोयनेच्या फुगवट्याच्या काठावर होतं. धरण झालं तेव्हा खालची शेतं पाण्यात गेली आणि समोरच्या डोंगरउतारावरची गावं पाण्यापलीकडे अडकून पडली. त्यांना बाजारासाठी, शाळेसाठी, दवाखान्यासाठी लाँचनंच अलीकडे यावं लागायचं. त्या डोंगरात साप फार. शर्वरी इथं रुजू झाली त्या काळात दर पावसाळ्यात पलीकडचं कुणी ना कुणी सापानं जायचं. मग लोलक आला, आणि माणसं वाचायला लागली.

लोलक तिच्या नवऱ्यानं बनवला होता. तुषार पुण्याला असे, महिन्यातून एकदोनदा इथं येई. कालच आला होता. यंत्राच्या नव्या पट्ट्या कशा चालतात ते बघायचं आणि दोन दिवस बायकोजवळ राहायचं, अशी दोन्ही कामं घेऊन.

झोळीतून आणलेली बाई चाळिशीची होती. सारिका शेलार. तिचा नवरा नितीन झोळीचं एक टोक धरून धक्क्यावरून वर धावत आला होता आणि त्याला धाप लागली होती.

"काय झालं?"

"पहाटं पोटात दुखतंय म्हणून उठली, मॅडम. म्हटलं, अजीर्ण आसंल. मग घसा दुखतोय म्हणाली. पाणी दिलं तर गिळायला येईना. आता डोळंच उघडंना तिचं."

शर्वरीनं वाकून बघितलं. सारिकाच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या आणि त्यांखालून बुबुळं धडपडत तिच्याकडे बघत होती.

"सारिकाताई, वर बघा. छताकडे."

सारिकानं कपाळाला आठ्या घातल्या. पापण्या वर गेल्या नाहीत.

"जमिनीवर झोपला होता?"

"व्हय," नितीन म्हणाला. "पर साप दिसला न्हाय. चावल्याची खूण पण न्हाय कुठं."

मण्यार अशीच चावते, झोपेत, डास चावावा तशी. सूज नाही, रक्त नाही. शर्वरीनं सिस्टरला सलाईन लावायला सांगितलं आणि तुषारकडे बघितलं. तो आधीच यंत्र घेऊन खाटेशी पोहोचला होता.

लोलक दिसायला जेवणाच्या डब्याएवढा होता. आत काचेचा त्रिकोणी लोलक, आणि वरून बसवायच्या पट्टीवर सोन्याचा इतका पातळ थर की त्यातून पलीकडचं दिसावं. त्या सोन्यावर लेसरचा झोत एका ठरावीक कोनातून टाकला की सोन्यातले इलेक्ट्रॉन तो प्रकाश गिळून टाकतात आणि परतणाऱ्या झोतात एक काळी रेघ उमटते. सोन्यावर काहीही येऊन चिकटलं, अगदी रेणूंचा एक थर, तरी ती रेघ जागेवरून सरकते. तुषारनं त्या सोन्यावर प्रतिपिंडं रोवली होती, प्रत्येक सापाचं विष पकडणारी वेगवेगळी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, अशा चार खिडक्या. रक्ताचा थेंब त्यांवरून वाहिला की ज्याचं विष असेल त्याच्या खिडकीतली रेघ सरकायची. किती सरकली त्यावरून विष किती आणि औषध किती लागेल, हेही पडद्यावर यायचं. चहा उकळेपर्यंत उत्तर हातात.

त्या उत्तरामुळे औषधही बदललं होतं. पूर्वी घोड्याच्या रक्तातून काढलेली एकच लस चारही सापांना चालायची. ती अंदाजानं द्यायची, आणि कधी कधी तिचीच रिअ‍ॅक्शन येऊन रोगी हातचा जायचा. आता प्रत्येक विषावर वेगळं औषध होतं, टाक्यांमध्ये पेशी वाढवून बनवलेलं, शरीराला न बाधणारं. पण ते बनायला अवघड आणि मिळायचं थोडं. म्हणून ते शीतकपाटात बंद असे आणि लोलकाच्या खिडकीतली रेघ सरकल्याखेरीज कपाटाची कडी सुटत नसे. डॉक्टरच्या मनात आलं म्हणून ते देता येत नव्हतं. तांबवलीच्या कपाटात मण्यारीच्या औषधाचा एकच संच होता.

तुषारनं सारिकाच्या बोटातून थेंब घेतला. पट्टी आत सरकवली. पडद्यावर चार रेघा आल्या आणि आपापल्या जागी स्थिर राहिल्या.

चारही खिडक्यांत शून्य.

"पुन्हा कर," शर्वरी म्हणाली.

त्यानं नवी पट्टी काढली. नवा थेंब, दुसऱ्या बोटातला. पुन्हा शून्य.

नितीन त्या पडद्याकडे टक लावून बघत होता. पलीकडच्या गावांतल्या लहान पोरांनाही लोलकाचा पडदा वाचता येई. त्याचा चेहरा एकदम सैल पडला. "म्हंजी इख न्हाय," तो म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला. "देवा! इख न्हाय." खिशातून फोन काढून त्यानं घरी लावला. "आई, लोलकात काय निघालं न्हाय. व्हय, दोनदा बघितलं. तू जीव टाकू नको."

शर्वरीला मात्र त्या शून्यानं हायसं वाटलं नाही. तिनं सारिकाला हाताची मूठ आवळायला सांगितली. मूठ आवळली, पण अर्धवट, सुटून गेली. एक ते दहा आकडे एका दमात म्हणायला लावले. सारिका सातवर थांबली. शब्द नाकातून येत होते.

ती तुषारला बाजूच्या खोलीत घेऊन गेली.

"मण्यार आहे."

"नाहीये, शरू. दोन पट्ट्या खोटं बोलणार नाहीत."

"पोटदुखी, घसा, पापण्या, आता श्वास. अजून काय हवं?"

"पापण्या दहा कारणांनी उतरतात. मेंदूतली गाठ असेल, स्नायूंचा आजार असेल, शिळं काही खाण्यात आलं असेल. तूच सांगतेस ना नेहमी, लक्षणांवरून उडी मारू नये म्हणून?"

तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. तिनं जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला, कारण कपाट उघडायची दुसरी वाट तेवढीच होती. तिथले डॉक्टर शांतपणे बोलले. लोलक शून्य दाखवतोय तर मण्यारीचा प्रश्न येत नाही, मेंदूचा झटका असण्याची शक्यता आहे, रोगी साताऱ्याला पाठवून द्या. साताऱ्याचा रस्ता घाटाचा होता. तेवढा वेळ सारिकाचा श्वास पुरेल असं शर्वरीला वाटत नव्हतं.

फोन ठेवून ती म्हणाली, "तुझ्याकडे सर्व्हिसचा कोड आहे."

"दुरुस्तीसाठी आहे तो."

"कपाट उघड, तुषार."

तो हळू आवाजात म्हणाला, "संच एकच आहे. पुढचा कधी येईल माहीत नाही. आज हिला दिला, आणि संध्याकाळी कुणी खरंच मण्यार चावलेला आला, तर त्याच्या घरच्यांना काय सांगशील? वाटलं म्हणून दिला? कपाटाला कडी का लावली आपण? असं वाटण्यावरच तर पूर्वी सगळं औषध संपायचं, आणि ज्याला हवं त्याला मिळायचं नाही. तूच मला हे सांगितलं होतंस. त्यावरून मी हे बांधलं."

"मी वाटण्यावर बोलत नाहीये. माझ्यासमोर बाई गुदमरतेय."

"आणि माझ्यासमोर यंत्र आहे, ज्यानं हजारो माणसांच्या बाबतीत बरोबर उत्तर दिलंय. तुझा त्याच्यावर विश्वास नाही, की माझ्यावर?"

शर्वरी काही बोलणार तेवढ्यात बाहेरून नितीनचा आवाज आला. तो अजून फोनवरच होता. "आगं आई, तीबी शिळ्या भाकरीनंच आसंल. ओवा दे तिला."

शर्वरी दारात गेली. "कुणाला ओवा द्यायला सांगताय?"

"आमच्या अन्वीला. पोरगी हाय आमची, मॅडम. तिच्याबी पोटात कळ येतीय म्हणं. रात्री भाकरी..."

"कुठं झोपली होती ती?"

"तिच्या आईजवळच. एकाच वाकळंवर."

शर्वरीनं त्याच्या हातातला फोन घेतला. पलीकडे सारिकाची म्हातारी सासू होती, हौसाबाई. "आजी, मी डॉक्टर बोलतेय. पोरीला ओवा देऊ नका, झोपवू नका. उचला आणि लाँचनं इकडे आणा. आत्ता. लाँच परत पाठवतेय मी."

"आवं, पर मशीननं तर..."

"मशीनचं राहू द्या. निघा."

लाँच गेली आणि परत येईपर्यंत सारिकाचा श्वास उथळ होत गेला. छाती जेमतेम हलत होती. लतिका सिस्टर तिच्या तोंडातली लाळ ओढून काढत होत्या, कारण ती गिळता येत नव्हती. ओठांवर निळसर झाक आली तेव्हा शर्वरीनं आणखी थांबणं सोडलं. झोपेचं औषध देऊन घशातून श्वासनलिकेत नळी घातली, तिला रबरी फुगा जोडला आणि फुगा दाबायला सुरुवात केली. नितीन दारात उभा होता. मघाशी सैल पडलेला त्याचा चेहरा आता पांढराफटक झाला होता.

"इख न्हाय म्हणालात ना?" तो तुषारला म्हणाला. "मग ही अशी का करतीय?"

तुषार पुन्हा पडद्याकडे वळला.

हौसाबाई पोरीला कडेवर घेऊनच धक्क्याच्या पायऱ्या चढल्या. अन्वी मोठी होती, कडेवर घेण्याच्या वयाची नव्हती, पण म्हातारीनं तिला खाली ठेवलं नव्हतं. पोरगी शुद्धीत होती. बोलत होती, फक्त डोळे जड झालेत म्हणत होती. आईच्या तोंडातली नळी बघून ती आजीच्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागली.

तुषारनं तिचा थेंब घेतला. पट्टी दोनदा बाजूला गेली. तिसऱ्यांदा बसली. पडद्यावर रेघा आल्या. दुसऱ्या खिडकीतली रेघ हलली, सरकली, थांबली.

मण्यार. विष थोडं. दोन कुप्या.

कोपऱ्यातल्या शीतकपाटाची कडी खट्कन सुटली. दार आपोआप बोटभर उघडलं आणि आतला गार वाफारा बाहेर आला.

शर्वरीनं फुगा सिस्टरच्या हातात दिला आणि कपाटातला संच बाहेर काढला. पाच कुप्या होत्या. ती त्या हातात घेऊन दोन खाटांच्या मध्ये उभी राहिली. एका खाटेवर पोरगी, जिला यंत्रानं औषध लिहून दिलं होतं. दुसऱ्या खाटेवर तिची आई, जिला यंत्राच्या लेखी काहीच झालं नव्हतं.

"एकाच अंथरुणावर होत्या," ती म्हणाली. "साप पोरीला थोडं विष देऊन गेला आणि आईला शिवलासुद्धा नाही? आणि मरतेय आई?"

तुषार दोन्ही निकाल पडद्यावर शेजारी शेजारी लावून बघत होता. त्यानं एकदा सारिकाकडे बघितलं आणि पुन्हा त्या निश्चल रेघेकडे. मग त्याच्या तोंडून नुसतंच "अरे" असं बाहेर पडलं.

"काय?"

"हात भरलेत."

"काय बोलतोयस?"

"सलाईनची बाटली दे. स्वच्छ नळ्या दे. बोलतो मग."

त्यानं सारिकाच्या रक्ताचा थेंब घेतला, सलाईनमध्ये मिसळला, त्यातला थेंब पुन्हा नव्या सलाईनमध्ये टाकला. हात चालू असताना तो भराभर बोलत होता, शर्वरीशी की स्वतःशी ते कळत नव्हतं.

या वर्षीच्या पट्ट्या नव्या होत्या. जुन्या पट्टीला अगदी थोडं विष दिसत नसे, म्हणून तुषारनं तिला आणखी तीक्ष्ण केलं होतं. सोन्यावर रोवलेलं प्रतिपिंड विषाचा रेणू एका बाजूनं धरायचं. मग रक्तात मिसळलेलं दुसरं प्रतिपिंड, ज्याच्या पाठीवर सोन्याचा सूक्ष्म मणी असे, त्याच रेणूला दुसऱ्या बाजूनं धरायचं. मणी असा सोन्याला येऊन चिकटला की रेघ जोरात सरकायची. विषाचा कणभर अंशही लपत नसे. पण विष भरमसाट असेल तर? तर सोन्यावरच्या प्रत्येक प्रतिपिंडाच्या हातात आधीच एक रेणू असतो. मणीवाल्या प्रत्येक प्रतिपिंडाच्याही हातात स्वतःचा वेगळा रेणू असतो. दोघांचेही हात भरलेले. एकमेकांना धरायला कुणी मोकळंच उरत नाही. मणी वाहून जातात, नुसत्या विषानं होणारं केसभर सरकणं नवं यंत्र हिशेबातच धरत नाही, आणि पडदा शून्य दाखवतो.

"प्रयोगशाळेत हे ठाऊक असतं सगळ्यांना," तुषार म्हणाला. "आम्ही वरची मर्यादा तपासली होती. पण इतकं विष माणसाच्या रक्तात सापडेल आणि माणूस जिवंत असेल, असं आम्ही धरलंच नव्हतं. साप अंगाखाली दाबला गेला असणार. दोन-तीनदा चावला असेल हिला. पोरीला जाता जाता."

त्यानं पातळ केलेला थेंब पट्टीवर सोडला.

मण्यारीची रेघ सरकली. सरकतच गेली आणि खिडकीच्या कडेला जाऊन आपटली. आकडा मापाबाहेर. त्यानं आणखी पातळ केलं. या वेळी आकडा आला. त्याखाली कुप्यांची संख्या आली, आणि ती शर्वरीच्या हातातल्या कुप्यांहून जास्त होती.

नितीनलाही पडदा वाचता येत होता.

"मॅडम," तो म्हणाला. हौसाबाईंनी पोरीला आणखी जवळ ओढलं. त्यांना आकडे कळत नव्हते, पण मुलाचा चेहरा कळत होता.

शर्वरी सरळ त्याच्याकडे बघून बोलली. "नितीनभाऊ, ऐका. दोन कुप्या अन्वीला. त्यात कमी करणार नाही मी. तिचं विष अजून सगळ्या नसांपर्यंत पोहोचायचंय, तिला आत्ता औषध मिळालं तर ती आईसारखी होणार नाही. उरलेल्या तीन सारिकाताईंना. पुरणार नाहीत. पण त्यांचा श्वास आपण हातानं चालू ठेवू शकतो. साताऱ्याहून दुसरा संच घेऊन गाडी निघेल, आपण इकडून निघू. वाटेत गाठ पडेल."

"आन् नाय पडली तर?"

"तर फुगा दाबत राहायचं."

नितीननं मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच हलली, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

अँब्युलन्स निघाली तेव्हा अन्वीला औषध चढत होतं. लतिका सिस्टर आणि हौसाबाई तिच्यापाशी थांबल्या. गाडीत सारिकाच्या डोक्याशी तुषार बसला, फुगा दाबत. शर्वरी सलाईन आणि नाडी सांभाळत होती. नितीन बायकोच्या पायांशी आखडून बसला होता.

पहिल्या वळणावर शर्वरी म्हणाली, "बाकीच्या केंद्रांचं काय?"

तुषारनं फुगा दाबला, सोडला.

"ह्याच पट्ट्या सगळीकडे गेल्यात ना?"

"जूनपासून."

"आज कुठंतरी दुसरा शून्य आला असेल."

"मला माहितीये, शरू."

त्यानं केंद्रातून निघताना लोलक बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीला निरोप ठेवला होता, सगळ्या यंत्रांवर एकदम संदेश पाठवायची परवानगी मागितली होती. फोन आला तो कंपनीचे प्रमुख देशमाने यांचा. तुषारचे दोन्ही हात गुंतले होते. शर्वरीनं फोन स्पीकरवर टाकून त्याच्यासमोर धरला.

देशमाने भला माणूस होता. ओरडला नाही. "तुषार, मी तुझं ऐकलं. तू म्हणतोस ते खरंही असेल. पण एका केसवरून? आठ दिवस दे. प्रयोगशाळेत पुन्हा करून बघू, मग रीतसर कळवू. आज तू एकदम सगळीकडे सांगितलंस की यंत्र चुकतं, तर उद्या डॉक्टर त्याच्या खऱ्या उत्तरांवरही भरवसा ठेवणार नाहीत. कपाटं फोडतील. औषध पुन्हा अंदाजानं जाईल. त्यात किती मरतील, त्याचा हिशेब कर."

"यंत्र चुकतं असं सांगायचं नाहीये मला. शून्य आलं तर रक्त पातळ करून पुन्हा बघा, एवढंच सांगायचंय."

"आणि जूनपासून ज्यांना शून्य आलं आणि घरी पाठवलं, त्यांच्या घरचे काय समजतील?"

तुषारचा चेहरा शर्वरीला दिसत होता. ही गोष्ट त्याच्या मनात आधीच येऊन गेली होती, पण दुसऱ्याच्या तोंडून ती आता पहिल्यांदाच बाहेर आली होती.

"जे झालं ते समजतील," तो म्हणाला.

"तुझ्या नावावर येईल सगळं. कंपनीच्याही. मी परवानगी देत नाहीये, तुषार. हे स्पष्ट सांगतोय."

फोन बंद झाला. देशमान्यांनी परवानगी दिली नव्हती, पण किल्ली तुषारकडेच होती. ज्या सर्व्हिस कोडनं तो सकाळी कपाट उघडायला तयार झाला नव्हता, त्याच कोडनं त्याला सगळ्या यंत्रांच्या पडद्यांवर लिहिता येत होतं.

"नितीनभाऊ," त्यानं हाक मारली. "इकडे या. माझ्या जागेवर."

"म्या?"

"हा फुगा धरा. असा. आता दाबा, छाती वर येतेय बघा, आता सोडा. मनात म्हणायचं, दाब, आणि सोड, आणि थांब. घाई करू नका. तुम्ही जेव्हा श्वास घेता तेव्हाच तिला द्या."

नितीनच्या हातांना फावड्याची सवय होती. पहिल्यांदा त्यानं जोरात दाबलं, शर्वरीनं त्याच्या मनगटावर हात ठेवून ते हलकं केलं. मग त्याला लय सापडली. तो स्वतः श्वास घेई आणि बायकोला देई. त्याची नजर तिच्या छातीवरून हलत नव्हती, आणि ओठ कुणाला ऐकू न येता हलत होते.

तुषारनं मांडीवर लॅपटॉप उघडला. गाडी वळणं घेत होती आणि त्याची बोटं चुकत होती. त्यानं चार ओळी लिहिल्या, पुसल्या, पुन्हा लिहिल्या. मग शर्वरीला वाचायला दिल्या.

चारही खिडक्यांत शून्य येऊनही लक्षणं दिसत असतील, तर ते शून्य मानू नका. रक्त सलाईनमध्ये शंभरपट पातळ करून पुन्हा तपासा. विष फार असेल तर यंत्राला ते दिसत नाही. ही यंत्रातली चूक आहे. जूनपासून शून्य दाखवलेल्या रोग्यांचा पुन्हा शोध घ्या. खाली त्याचं नाव आणि त्याचा स्वतःचा फोन नंबर.

"नंबर कशाला?" शर्वरीनं विचारलं.

"कुणाला तरी विचारावंसं वाटेल."

तिनं लॅपटॉप त्याच्याकडे परत दिला. त्यानं संदेश पाठवला. मग तो नितीनच्या बाजूला जाऊन बसला.

साताऱ्याहून निघालेली गाडी त्यांना घाटाच्या पायथ्याशी भेटली. राहिलेलं औषध तिथंच, रस्त्याच्या कडेला, दोन गाड्यांची दारं एकमेकींना लावून चढवलं. नितीननं फुगा कुणाला दिला नाही. मोठ्या दवाखान्यात व्हेंटिलेटरची नळी जोडेपर्यंत तोच दाबत राहिला, आणि जोडल्यानंतरही त्याची मूठ हवेत उघडझाक करत होती.

मण्यारीचं विष नसांच्या टोकांना धरून बसतं. औषध त्याला पुढं जाऊ देत नाही, पण धरलेलं सोडवून आणत नाही. तिथं नवी टोकं फुटावी लागतात आणि त्याला वेळ लागतो. सारिका तोवर शुद्धीत असूनही निश्चल पडून होती. अन्वी तिसऱ्या दिवशी चालत आईला भेटायला आली आणि रोज येत राहिली, शाळेतलं काय काय सांगत राहिली. एके दिवशी सांगता सांगता थांबली आणि किंचाळली. आईच्या उजव्या हाताची करंगळी हलली होती. पापण्या त्यानंतर आल्या, श्वास सगळ्यांत शेवटी.

तुषारला कंपनीनं त्याच आठवड्यात कामावरून बाजूला केलं. चौकशी बसली. पट्ट्या मात्र बदलल्या गेल्या नाहीत, कारण लागणार होती ती फक्त सलाईनची एक बाटली, आणि संदेश सगळीकडे पोहोचला होता. संदेश गेला त्याच दुपारी विदर्भातल्या एका केंद्रातून उत्तर आलं होतं: पातळ करून बघितलं, घोणस निघाली, औषध चालू आहे. मग आणखी दोन आली. तुषार ती उत्तरं शर्वरीला वाचून दाखवायचा. पण मधेच वाचायचा थांबायचा, आणि तिला कळायचं की पुढची ओळ जुन्या रोग्याबद्दल आहे.

तो आता तांबवलीतच राहत होता. त्या सकाळच्या बोलण्याचा विषय दोघांनीही काढला नव्हता. एकदा भांडी घासताना तो एवढंच म्हणाला, "तू सांगितलंस तेव्हाच उघडायला हवं होतं." शर्वरीनं पाणी बंद केलं. "उघडलं असतंस तर पाचही कुप्या मी सारिकाला दिल्या असत्या," ती म्हणाली. "आणि मग पोरगी आली असती." तिनं पाणी पुन्हा सोडलं.

वकिलानं तुषारला बजावून ठेवलं होतं: कुणीही मेलेल्या माणसाबद्दल विचारलं तर 'आता नक्की सांगता येत नाही' एवढंच म्हणायचं. तसे फोन यायचे. तो तेवढंच म्हणायचा आणि नंतर बराच वेळ धक्क्यावर जाऊन बसायचा.

दिवाळीच्या आधी एका दुपारी फोन आला तेव्हा शर्वरी समोरच होती.

"मी मोगी पाडवी बोलते," पलीकडची बाई म्हणाली. आवाज तरुण होता. ती सातपुड्यातल्या एका पाड्यावरून बोलत होती. "माझा बाप आखाडात गेला. सकाळी उठला तो नीट बोलता येईना, चालताना पडायला लागला. आम्ही त्याला केंद्रात घेऊन गेलो. यंत्रात शून्य आलं. ते म्हणाले, दारू जास्त झालीय, घरी नेऊन झोपवा. आम्ही नेलं. संध्याकाळी गेला."

तुषार ऐकत राहिला.

"माझा बाप दारू पीत नव्हता. पण सगळा पाडा म्हणतो, दारू पिऊन मेला. माझी आई बाहेर निघत नाही. आता तिथल्या नर्सनं तुमचा नंबर दिला. मला पैसे नको, भांडण नको. एवढंच सांगा, ते विष होतं का?"

शर्वरीनं तुषारच्या चेहऱ्याकडे बघितलं. ठरलेलं वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं.

"त्यांच्या पापण्या कशा होत्या?" त्यानं विचारलं.

"उतरल्या होत्या. मी बोटानं वर करत होते. त्याला सगळं समजत होतं. बोलता येत नव्हतं, पण माझा हात दाबत होता."

तुषार उठून उभा राहिला. "विष होतं," तो म्हणाला. "मण्यारीचं. यंत्राला दिसलं नाही, कारण ते फार होतं. यंत्र मी बनवलंय. तुमचे वडील दारू प्यायलेले नव्हते."

पलीकडे दूर कुठंतरी कोंबडी ओरडत होती. मग ती म्हणाली, "मी सांगितलं तर कोणी मानणार नाही. हे तुम्ही इथं येऊन सांगाल?"

"येतो."

तो गेला. शर्वरी रजा टाकून बरोबर गेली. शेवटचा डोंगर पायी चढायचा होता. मोगीनं पाड्यातल्या सगळ्यांना अंगणात बोलावलं होतं आणि आईला हात धरून बाहेर आणून पुढं बसवलं होतं. तुषारनं सोन्याच्या थराबद्दल किंवा मण्यांबद्दल काही सांगितलं नाही. मोगीच्या बापाचं नाव घेतलं, आणि तो कशानं गेला आणि कुणाच्या चुकीनं गेला ते सांगितलं.

तो बोलायचा थांबला तेव्हा मागच्या बाजूनं एक म्हातारा उठला. मागं बसलेल्यांना नीट ऐकू आलं नाही, तो म्हणाला, पुन्हा सांगा.

तुषारनं आवाज चढवला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.